लहरी केस आणि सकाळचा फॉलिन

परवा रात्री पुण्याहून भाचीचा फोन आला. हिंजवडीत नोकरीला लागून तिला चार महिने झालेत. नोकरीतली काही अडचण असेल म्हणून मी कान टवकारले, तर प्रश्न निघाला केसांचा. "मावशी, तू इतकी वर्षं युनिफॉर्ममध्ये कसं जमवलंस गं? माझा रोज पाऊण तास ब्लो ड्रायमध्ये जातो आणि बसमधून उतरेपर्यंत केस परत होते तसे."

आमच्या घरातल्या बायकांचे केस नागमोडी. सरळ नाहीत आणि धड कुरळेही नाहीत. आजीचे तसे, आईचे तसे, आम्हा दोघी बहिणींचे तसे आणि आता हिचे. साताऱ्याकडं अशा केसांना 'लहरी' म्हणतात. लहरी केस नि लहरी माणूस, दोघांचा भरवसा नाही असं आजी म्हणायची. सकाळी एक, दुपारी दुसरं आणि पावसाळ्यात तिसरंच.

माजी सैनिक वाचक हसतील हे मला ठाऊक आहे. वाळवंटावर लिहिलं, लेहवर लिहिलं, सिग्नलच्या लाईन टाकण्यावर लिहिलं आणि आता बाई केसांवर आल्या! हसा खुशाल. पण ज्यांनी नोकरीत एकदा तरी 'बाल कटाओ' ऐकून शनिवारची आउटपास गमावली असेल, त्यांनी फार हसू नये. फौजेत केस ही खासगी गोष्ट नसते. टर्नआउटमध्ये त्याचे गुण असतात, आणि ते गुण देणारा माणूस बहुधा स्वतः सरळ, बारीक कापलेल्या केसांचा असतो.

माझं म्हणणं आधीच सांगते. मला शिकवलेला नियम असा होता: केस बांधलेले हवेत, कॉलरच्या वर हवेत, बेरेखाली नीट बसायला हवेत, बटा तोंडावर नकोत. यात 'सरळ' हा शब्द कुठंही नव्हता. तो आम्ही आमच्या मनानं घातला. नीटनेटकं म्हणजे सरळ, असं समजून मी स्वतः बारा वर्षं केस भाजले. त्याहून वाईट म्हणजे एका पोरीलाही भाजायला लावले. तिची गोष्ट पुढं सांगते.

चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत मी २०१० साली गेले. पहिल्याच आठवड्यात कळलं, की इथं केस विंचरायला आरसा आहे, वेळ नाही. आमच्यातल्या बऱ्याच जणींनी बॉयकट केला. मीही केला. आईला फोटो पाठवला तर ती दोन दिवस बोलली नाही. पण ते दिवस केसांच्या दृष्टीनं सुखाचे. नळाखाली डोकं, पंचानं पुसलं, पळा. अडचण सुरू झाली ती कमिशन मिळाल्यावर, केस वाढवायला घेतल्यावर. सरळ केस वाढताना खाली येतात. नागमोडी केस वाढताना आधी आडवे होतात. कानावर, मानेवर, बेरेच्या कडेनं बाहेर. पहिल्या युनिटमध्ये एका वरिष्ठांनी सगळ्यांसमोर विचारलं, "उशीवरून थेट परेडवर आलात का?" त्या संध्याकाळी मी कॅन्टीनमध्ये जाऊन सोळाशे वॅटचा ड्रायर घेतला.

मग रोजचं चक्र सुरू झालं. साडेतीनला उठायचं, केस ओले करायचे, गोल ब्रशवर ताणून गरम हवेनं सरळ करायचे, जेल लावून अंबाडा घालायचा. सव्वापाचला पीटीचा फॉलिन. पीटीत घाम येणार, केस ओले होणार आणि आठच्या परेडला पुन्हा होते तसे. म्हणजे मधल्या वेळात न्याहरी सोडून परत ड्रायर.

असं का होतं हे मला फार उशिरा कळलं. सिग्नल्समध्ये असून मी कधी विचार केला नव्हता. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात. त्यातले काही जोड पक्के असतात. केस मुळातून बाहेर येतानाच त्यांनी लहर ठरवलेली असते, आणि ड्रायर त्यांना हातही लावू शकत नाही. दुसरे जोड कच्चे. पाण्यानं सुटतात आणि केस वाळले की ज्या आकारात असतील त्या आकारात परत जुळतात. ब्लो ड्राय म्हणजे या कच्च्या जोडांना ताणून धरून वाळवणं. टिकतं कुठवर? पुन्हा पाणी लागेपर्यंत. ते घामाचं असो, पावसाचं असो की हवेतल्या दमटपणाचं. म्हणजे सकाळी आपण कच्च्या टाक्यांनी शिवतो आणि दिवसभराची हवा ते टाके उसवते. यात केसांचा दोष नाही, आपल्या हाताचाही नाही.

रोज उसवून रोज शिवलं की कापड विरतं. केसांचंही तेच. फार गरम हवा जवळून लागली की वरचा खवल्यांचा थर उचकटतो आणि केस राठ होतो. राठ झाला की जास्त पिंजारतो, म्हणून आपण आणखी गरम हवा मारतो. तीन वर्षांत माझ्या शेपटाची जाडी अर्धी झाली होती. अंबाडा लिंबाएवढा.

ड्रायरची पहिली फजिती राजस्थानात झाली. जोधपूरच्या पुढं, एक्सरसाइजवर होतो. डिटॅचमेंटला एक लहान जनरेटर, त्यावर रेडिओच्या बॅटऱ्या चार्जिंगला लागलेल्या आणि दोन दिवे. पहाटे मी तंबूत ड्रायर लावला आणि सगळा उजेड गेला. अंधारात हवालदाराची शिवी ऐकू आली. 'कौन है' वगैरे विचारून झाल्यावर त्याला कळलं कोण आहे, आणि मग भयंकर शांतता पसरली. बॅटऱ्या चार्ज ठेवणं ही माझीच जबाबदारी होती. सीओ साहेबांनी सकाळी एवढंच विचारलं, "कॅप्टन, बॅटऱ्या की केस?" आजही रियुनियनला हा प्रश्न मला विचारला जातो.

त्याच मुक्कामात मला गुरू भेटले. आमच्याबरोबर एक शीख सुभेदार होते, निवृत्तीला दोनेक वर्षं राहिलेले. रविवारी दुपारी सगळे शीख जवान केस धुऊन उन्हाकडं पाठ करून बसायचे, कंबरेपर्यंत केस मोकळे. मी कितीतरी रविवार ते पाहिलं होतं आणि एकदाही डोक्यात आलं नव्हतं, की या सैन्यात लांब केस सांभाळण्याचा सगळ्यात जुना अनुभव या माणसांकडं आहे. शंभराहून जास्त वर्षं, खंदकांपासून बर्फापर्यंत, आणि ड्रायरशिवाय. आम्ही बायका १९९२ नंतर अधिकारी म्हणून येऊ लागलो (नर्सिंग आणि डॉक्टर भगिनी त्याआधीपासून होत्या) आणि जणू लांब केसांचा प्रश्न आमच्यापासूनच सुरू झाला असं सगळे वागत होते.

शेवटी धीर करून विचारलं. माझ्या टाळूला तेव्हा सतत खाज होती, केसांना कुबट वास यायचा. साहेब जमिनीकडं बघत म्हणाले, "मैडम जी, गीला टेंट तह करके रखते हैं क्या?" मी नाही म्हटलं. "फिर गीला जूड़ा क्यों बाँधते हो?"

एवढंच. बाकी त्यांनी दाखवलं. लाकडी कंगवा, रुंद दातांचा. टोकापासून सुरुवात, मग थोडं वर, मग आणखी वर, म्हणजे गुंता खाली ढकलला जात नाही. टॉवेलनं घासायचं नाही, नुसतं दाबायचं. जूडा घट्ट ओढायचा नाही. केस पीळ देऊन गुंडाळले की त्यांच्याच वजनावर बसतात. आणि जूड्याची जागा अधूनमधून जरा बदलायची. शेवटची गोष्ट त्यांनी स्वतःच्या कपाळावरून दाखवली. तरुणपणी पगडी-जूडा फार ताणून बांधायची सवय होती, कपाळावरची केसांची रेघ दोन बोटं मागं गेली होती ती तशीच राहिली.

मी ऐकलं आणि दोन महिने केलंही. मग पोस्टिंग बदललं, नवं युनिट, नवे साहेब, नवी परेड. मी परत ड्रायरकडं गेले. माणसाची अक्कल अशी हप्त्याहप्त्यानं येते.

आता त्या पोरीची गोष्ट.

२०१९ मध्ये सैन्यानं मिलिटरी पोलिसांत मुलींची शिपाई म्हणून भरती सुरू केली आणि पहिली तुकडी २०२१ च्या मे महिन्यात बेंगळुरूहून बाहेर पडली. अधिकारी नाही, डॉक्टर नाही, शिपाई. आम्हाला त्यांचं केवढं कौतुक! २०२३ मध्ये मी आसामात तेजपूरकडं होते तेव्हा अशा काही मुली आमच्या स्टेशनवर होत्या. त्यात एक विदर्भातली. शेतकऱ्याची पोर, धावण्यात कुणाला न ऐकणारी. केस माझ्यासारखेच, लहरी, पण दुप्पट दाट. एका समारंभाच्या रिहर्सलला मी टर्नआउट बघत होते. आसामातला जुलै, सकाळी सातला शर्ट पाठीला चिकटलेला. तिच्या अंबाड्यातून, कानामागून, बेरेखालून बटा निघालेल्या. मी थांबले आणि मराठीतच म्हणाले, म्हणजे इतरांना कळू नये असा माझा आव, "हे काय जंगल? उद्या मला हे असं दिसता कामा नये."

माझ्या मनात ते वाक्य तिथंच संपलं. तिच्यासाठी ते पाच महिने चाललं.

दुसऱ्या दिवसापासून तिचा टर्नआउट एक नंबर. मी खूष. तिचं उदाहरणही दिलं एकदा. डिसेंबरात ती माझ्या ऑफिसात आली, सावधानमध्ये उभी राहिली आणि बेरे काढायची परवानगी मागितली. दोन्ही कानांच्या वर आणि कपाळाच्या कडेला केसच नव्हते. नुसती गुळगुळीत त्वचा आणि चार-दोन तुटके खुंट. मानेवर एक भाजल्याचा डाग. रोज अडीचला उठून इस्त्री, म्हणजे ती केस सरळ करायची सळई, मग जेल, मग ताणून अंबाडा, तोही ओल्या केसांचा, कारण तिथल्या हवेत रात्री धुतलेले केस सकाळपर्यंत वाळत नसत. ती रडली नाही. म्हणाली, "मॅडम, येत्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरायचंय. हे परत येतील ना?"

मला उत्तर ठाऊक नव्हतं. त्वचेच्या डॉक्टरांकडं पाठवलं. त्यांनी सांगितलं, की हे ओढ बसून केस जाणं आहे, ट्रॅक्शन अलोपेशिया. वेळेत ताण थांबवला तर केस बहुतेक परत येतात. वर्षानुवर्षं तसंच चालू ठेवलं तर मुळं कायमची मरतात आणि मग औषध चालत नाही. सुभेदार साहेबांचं कपाळ मला त्या क्षणी आठवलं. दहा वर्षांपूर्वी एका माणसानं मला हे फुकट शिकवलं होतं आणि मी ते पुढं दिलं नव्हतं. पुढं दिलं ते त्या पहिल्या युनिटमधल्या वरिष्ठांचं वाक्य, उशीऐवजी जंगल घालून.

काही वाचक म्हणतील, एवढं होतं तर पोरीनं केस कापायचे. मलाही हे कुणीतरी मेसमध्ये म्हणालं. कापावे, ज्यांना कापायचेत त्यांनी. मी कापले होते. पण शीख जवानाला आपण हे म्हणत नाही. त्याचे केस श्रद्धेचे, पोरीचे नुसते हौसेचे, हा फरक मला मान्य आहे. मात्र नियमानंच दोन्ही वाटा खुल्या ठेवल्या असतील, तर दुसरी वाट काट्यांची करून ठेवायचं कारण नाही. शिवाय त्या पोरीनं कापले असते, तर गावाकडच्या लोकांनी फौजेला बोल लावला असता आणि तिच्यामागून येणाऱ्या दोन मुली भरतीच्या रांगेत उभ्याच राहिल्या नसत्या. हेही मोजायला हवं.

अमेरिकेच्या सैन्यानं २०२१ मध्ये बायकांच्या केसांचे नियम सैल केले. घट्ट अंबाड्याची सक्ती काढली, पोनीटेलला परवानगी दिली. कारणं दोन सांगितली: ताणानं केस जातात, आणि अंबाड्यामुळं हेल्मेट नीट बसत नाही. दुसरं कारण कुणाही सैनिकाला लगेच पटेल. मानेवर अंबाडा असताना पालथं पडून नेम धरायचा प्रयत्न करा. हेल्मेटची मागची कड अंबाड्याला टेकते, पुढची कड डोळ्यांवर येते आणि समोर टार्गेटऐवजी हेल्मेटचं अस्तर दिसतं. फायरिंगच्या दिवशी मी अंबाडा सोडून दोन सैल वेण्या घालते आणि डोक्याला चापून बसवते. यात कुणाची परवानगी घ्यावी लागली नाही. विचार करावा लागला.

आता भाचीला जे सांगितलं ते इथं लिहिते. यातलं काही माझं नाही. सुभेदार साहेबांचं आहे, आजीचं आहे, काही डॉक्टरांचं आहे.

केस रोज धुवायचे नाहीत. आठवड्यातून दोनदा, आणि रात्री. सकाळी धुवून सकाळीच बांधायचे म्हटलं की ड्रायर आलाच. धुण्याआधी तासभर खोबरेल. आजी हे सांगायची तेव्हा आम्ही नाकं मुरडायचो. २००३ मध्ये मुंबईच्या दोन संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि मिनरल ऑइल ताडून पाहिलं, तर केसातलं प्रथिन धुऊन जाणं कमी करणारं त्यातलं एकच निघालं, खोबरेल, कारण ते केसाच्या आत शिरतं. संशोधक तेल विकणाऱ्या कंपनीतले होते हे खरं, पण आजी कुठल्या कंपनीत नव्हती आणि तिचे केस ऐंशीव्या वर्षी माझ्यापेक्षा जाड होते.

शाम्पू फक्त टाळूला, कंडिशनर फक्त खालच्या अर्ध्या भागाला. कंडिशनर केसात असतानाच रुंद दातांच्या कंगव्यानं गुंता काढायचा, टोकाकडून वर. नागमोडी केस कोरडे असताना विंचरले की लहरी मोडतात आणि कापूस होतो. हे एक वाक्य कुणी मला विसाव्या वर्षी सांगितलं असतं तर निम्मी लढाई टळली असती. कोरड्या केसांना ब्रश लावायचाच नाही.

पुसायला जाड टॉवेल नको. आपला जुना सुती पंचा घ्या, बाबांचा असला तर उत्तम. मूठ मूठ केस घेऊन खालून वर दाबायचे, घासायचं नाही. मग पंख्याखाली. साधारण पाऊण वाळले, हाताला गार लागतात पण पाणी येत नाही, असे झाले की दोन सैल वेण्या घालून झोपायचं. केस अशा आकारात वाळतात की सकाळी लहर एकसारखी असते, पिंजारलेली नाही. ड्रायर जे ताणून करतो ते इथं रात्र करते आणि वीज लागत नाही.

सकाळी वेण्या सोडून बोटांनी मोकळ्या करायच्या. हात ओला करून वरून फिरवायचा. आणि जवस. विदर्भात ज्याची चटणी करतात तेच. दोन चमचे जवस दोन कप पाण्यात सात-आठ मिनिटं उकळायचे. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार आली की गरम असतानाच कापडातून गाळायचं. गार झाल्यावर गाळायला जाल तर कापड फाटेल पण ते खाली उतरणार नाही, हा स्वानुभव. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं. बाजारातल्या जेलसारखं कडक होत नाही, पांढरी पापडी सुटत नाही. कपाळावरच्या बारीक केसांना जुन्या टूथब्रशनं लावायचं. ही युक्ती त्या विदर्भातल्या पोरीनंच मला पुढं शिकवली.

अंबाड्यासाठी रबर घट्ट नको. केस मागं घेऊन पीळ द्यायचा, गुंडाळायचा, आकडे लावायचे, वरून जाळी. आकडा बाहेरून आत घालून उलटा फिरवला की धरतो. पाच-सहा आकड्यांत माझा अंबाडा बीपीईटीच्या धावण्यातही हलत नाही, आणि संध्याकाळी सोडताना डोकं दुखत नाही. दुखत असेल तर तो घट्ट आहे, टर्नआउट कितीही चांगला दिसो.

ठिकाणानुसार मात्र बदल लागतो, आणि पोस्टिंगवरच्या बायकांना इथंच चकवा बसतो. मागच्या स्टेशनवर जे जमलं ते पुढच्यावर जमत नाही, मग वाटतं आपलंच काही चुकलं. राजस्थानात पाणी जड. कॅल्शियम, मॅग्नेशियम केसांवर बसतं आणि केस दोरखंडासारखे होतात, कितीही कंडिशनर ओता. तिथं शेवटच्या तांब्यात अर्धं लिंबू पिळायचं किंवा दोन चमचे व्हिनेगर. तेजपूरला उलट. हवा एवढी ओली, की केस हवेतलं पाणी पितात. ग्लिसरीन असलेलं काही लावलं तर आणखी पितात. तिथं शनिवारी दुपारी धुवायचे, रविवारी दिवसभर वाळू द्यायचे, मधल्या दिवसांत नुसती टाळू ओल्या पंचानं पुसायची आणि बटा निघणारच हे मान्य करायचं.

लेहला मी ड्रायर वापरला. साडेअकरा हजार फुटांवर, शून्याखाली, ओल्या डोक्यानं पंख्याखाली बसा असं सांगणारी बाई वेडी म्हणायची. ड्रायर हा शत्रू नाही. कोरियातल्या संशोधकांनी २०११ मध्ये एक मजेशीर गोष्ट नोंदवली: ड्रायरच्या उष्णतेनं केसाचा पृष्ठभाग बिघडतो खरा, पण आपोआप वाळू दिलेल्या केसांत आतल्या एका थराला इजा दिसली, कारण ते फार वेळ ओले राहिले. वीतभर अंतरावरून, हात सतत हलवत वाळवलेले केस त्या मानानं ठीक. म्हणजे आठवड्यातून एकदा, मंद गरम, वीतभर लांब, ब्रशवर ताणल्याशिवाय, एवढं चालतं. रोज सकाळी ताणून सरळ करणं ही निराळी गोष्ट. लेहला खरा त्रास लोकरीच्या टोपीचा. हवा कोरडी, टोपी काढली की केस वीज लागल्यासारखे उभे. आतून एक रेशमी रुमाल बांधला की थांबतं. आईच्या जुन्या साडीचा पदर फाडून मी तो केला. तिला अजून सांगितलेलं नाही.

आणि ते केराटिन, स्मूदनिंग, रिबाँडिंग. भाचीनं त्याचंही विचारलं. ते पक्के जोड मोडणारं किंवा दाबणारं रसायन असतं, काहींत फॉर्माल्डिहाइड सुटतं. खर्च तिच्या अर्ध्या पगाराचा. मुळाशी नवा केस मात्र परत लहरी येतो, मग चार-सहा महिन्यांनी वर लाटा आणि खाली पट्टी. करायचं तर स्वतःला आवडतं म्हणून कर, म्हटलं. मॅनेजरला 'प्रोफेशनल' दिसावं म्हणून करू नकोस.

यावर ती जरा चिडून म्हणाली, "तुला बोलायला काय, तू मेजर आहेस." तिचं चुकलं नाही. कॅप्टन असताना मीही हे बोलले नसते. म्हणूनच माझ्यासारख्यांनी बोलायला हवं, जे आता टर्नआउट बघायला रांगेतून फिरतात. मी आता बघताना तीनच गोष्टी बघते: बांधलेत का, कॉलरच्या वर आहेत का, हेल्मेट किंवा बेरे बसतेय का. लहर दिसली तर पुढं जाते. आणि कपाळाची कड बघते. तिथं केस विरळ दिसले तर पोरीला परेडनंतर बाजूला घेऊन विचारते, किती वाजता उठतेस.

विदर्भातल्या पोरीचं म्हणाल तर आम्ही दोघींनी मिळून तिची इस्त्री जप्त केली, म्हणजे तिनं स्वतः आणून माझ्या टेबलावर ठेवली. तिच्या सीनिअरांशी मी बोलले, ते जितकं वाटलं होतं तितकं अवघड गेलं नाही. मी तिची माफीही मागितली. फौजेत मेजरनं लान्सनायकाची माफी मागण्याची पद्धत नाही, त्यामुळं ते फार बेंगरूळपणे झालं. ती "नो मॅडम" म्हणत राहिली आणि मी "अगं ऐक तरी" म्हणत राहिले. चार महिन्यांनी कानावर लव आली. लग्नाच्या फोटोत तिनं खोप्यावर अबोलीचा गजरा असा माळलाय की उजव्या कानावरची जागा झाकली गेलीय. डावी बाजू भरली, उजवी पूर्ण भरलेली नाही. डॉक्टर म्हणतात, वाट बघा.

मी सध्या महूला आहे. भाचीनं काल निरोप पाठवला, की जवस कापडातून गाळताना सांडलं आणि रूममेटच्या ओट्याला चिकटलं, आता काय करू. मी लिहिलं, गरम पाणी ओत आणि पुढच्या वेळी गार होऊ देऊ नकोस.